रस्ता त्यांचा, दवाखाना आपला

गावातल्या निम्म्या लोकांना तिने जगात आणलं होतं, पण तिला नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती सिस्टर. फक्त धाकटा भाऊ ताई म्हणायचा, आणि मंत्री झाल्यावर चार लोकांत तोही जरा जपूनच म्हणायला लागला.

डोंगरातल्या त्या गावाचा सरकारी दवाखाना म्हणजे एक बैठी, लांबट इमारत. मागच्या अंगाला बाळंतिणींचा वॉर्ड. थंडीत खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबावी लागत. त्या काळी सगळा कारभार राजधानीतून चाले. वॉर्डात हीटर हवेत म्हणून डॉक्टरांनी वर कळवलं. ते वर कुठे मुरलं कोण जाणे, पण पुढच्या वर्षी ट्रक आला तो छताचे पंखे घेऊन. देशभरच्या सगळ्या दवाखान्यांना पंखे मंजूर झाले होते.

"तिथे उकडत असेल हो," असं म्हणून सिस्टरने ते बसवून घेतले. न बसवावेत तर चौकशी लागायची.

मग कायदा बदलला. प्रांतांना स्वतःची सरकारं मिळाली. शाळा, दवाखाने, गावचे रस्ते प्रांताकडे आले. सैन्य, रेल्वे आणि मोठे रस्ते राजधानीने स्वतःकडे ठेवले. सिस्टरचा भाऊ शाळामास्तर होता आणि या मागणीपायी त्याने निम्मं आयुष्य सभांमध्ये घसा कोरडा केला होता. आईवडील लवकर गेले तेव्हा सिस्टरनेच त्याला वाढवलं, शिकवलं; त्या धबडग्यात तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. पहिल्याच निवडणुकीत तो निवडून आला आणि प्रांताचा आरोग्यमंत्री झाला.

त्या थंडीत हीटर आले. नवी अॅम्ब्युलन्स आली. नर्सच्या जागा निघाल्या, आणि त्या गावच्याच पोरींना मिळाल्या, कारण परीक्षा आता त्यांच्या भाषेत होती. सिस्टरला अभिमान वाटला, पण तो तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही. दिसला असता तर दारातली रांग आणखी लांबली असती. मुलाला शिपाई लावा, जावयाची बदली करा, मेहुण्याला कंत्राट द्या. पूर्वी सरकार लांब होतं, आता ते सिस्टरच्या ओट्यावर येऊन बसलं होतं.

"माझा भाऊ मंत्री आहे, मी नाही," हे वाक्य तिला इतकं पाठ झालं होतं की दूधवाल्यालाही ती एकदा सवयीने तेच म्हणाली. बिचारा फक्त रिकामं भांडं मागत होता.

तिने भावाकडे एकदाही कुणाचा शब्द टाकला नाही. तरी नोकरीच्या वर्षांप्रमाणे तिची मुख्य नर्स म्हणून बढती झाली तेव्हा लोक काय बोलायचं ते बोललेच. तिने ऐकलं आणि कामाला लागली.

काही वर्षांनी प्रांताने ठरवलं, की लहान गावांतले बाळंतिणींचे वॉर्ड बंद करून मुख्य शहरात एकच मोठं रुग्णालय चालवायचं. सिस्टरला हे दवाखान्याच्या फाटकावरच्या चहावाल्याकडून कळलं. रविवारी भाऊ जेवायला आला, तेव्हा तिने पहिला घास त्याच्या घशाखाली उतरू दिला आणि मग विचारलं.

"माझा वॉर्ड बंद करतोयस?"

"मी आता मंत्री म्हणून बोलू की भाऊ म्हणून?"

"ज्याच्या हातात सही आहे त्याने बोल. भावाला जेवू दे."

त्याने ताट सरकवलं. "ताई, इथे डॉक्टर टिकत नाहीत. भूल देणारा माणूस तर मिळतच नाही. सुताराची सून आठवते ना?"

आठवत होती. ऐन वेळी ऑपरेशन करायला कुणी नव्हतं, आणि ती बाई सिस्टरचा हात धरून गेली होती. सिस्टरने ताट पुन्हा त्याच्यापुढे ओढलं.

"आणि घाटात दरड कोसळली तर?" ती म्हणाली.

"घाटाचा रस्ता राजधानीकडे आहे. मी चार वेळा सांगून आलो. रस्ता त्यांचा, दवाखाना आपला. मी तरी काय करू?"

"पूर्वी तुम्ही सगळे भाषणात म्हणायचात, सरकार जवळ आलं पाहिजे. आलं. माझा वॉर्ड घेऊन घाटापलीकडे जाऊन बसलं."

तो जेवून गेला एवढंच. गावातल्या बायका बस करून मुख्य शहरात गेल्या, मंत्र्याच्या दालनासमोर ठिय्या देऊन बसल्या. सिस्टर सरकारी नोकर, तिला जाता येईना. पण त्यांच्या डब्यांतलं जेवण तिच्या स्वयंपाकघरातून गेलं हे भावाला बरोबर कळलं असावं. शेवटी तडजोड झाली. अवघड बाळंतपणं शहरात. सोपी गावातच, नर्सच्या हाताखाली. वॉर्डाची एक खोली राहिली.

पुढच्या पावसाळ्यात खाटकाच्या मुलीला सकाळीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सिस्टर तिला घेऊन अॅम्ब्युलन्समधून निघाली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर रस्ता नव्हता, नुसती माती आणि दगड होते. पलीकडे काही कळायला मार्ग नव्हता. अलीकडे मात्र, जिथे गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे, माती उपसायचं पिवळं मशीन उभं होतं आणि त्याचा ड्रायव्हर छपराखाली विडी ओढत बसला होता.

सिस्टर चिखलातून त्याच्याकडे गेली. "दादा, ही माती काढा."

"काढली असती हो सिस्टर. पण हे मशीन प्रांताचं. रस्ता राजधानीचा. त्यांचं मशीन येईल."

"कधी?"

"वरून हुकूम आला की."

"बाळ काय, रस्ता कुणाचा ते विचारून येणार आहे?"

ड्रायव्हर अॅम्ब्युलन्सकडे बघत राहिला. आतून मुलगी ओरडली तशी त्याने विडी टाकली. "मागच्या वेळी एकाने हात लावला होता, तो घरी बसलाय," असं पुटपुटत तो मशीनवर चढला.

गाडी जाण्यापुरती वाट झाली. मुलगी वेळेत शहरात पोहोचली, ऑपरेशन झालं, दोघं वाचली. मोठ्या रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर हजर होते, हे सिस्टरने नोंदवून ठेवलं. भाऊ त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता.

ड्रायव्हरला मात्र कामावरून काढल्याचा कागद मिळाला. हद्द सोडून सरकारी यंत्र वापरलं. राजधानीच्या रस्ते खात्याने तक्रार केली होती आणि प्रांताला भांडण नको होतं. ड्रायव्हरची बायको सिस्टरच्या ओट्यावर येऊन बसली. काही मागितलं नाही तिने, नुसती बसली.

सिस्टरने दोन दिवस काढले. मग आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामासाठी भावाला फोन लावला.

"एकाचं काम आहे," ती म्हणाली.

पलीकडे तो हसला. "ताई, तू? बरी आहेस ना?"

आठवड्याच्या आत ड्रायव्हर पुन्हा मशीनवर चढला. गावाला वाटलं, चला, आता सिस्टरकडे चालतं. ओट्यावर पुन्हा गर्दी झाली. आता "माझा भाऊ मंत्री आहे, मी नाही" म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. आणि आधी घरी बसलेला तो दुसरा ड्रायव्हर घरीच होता. त्याच्यासाठी कुणी फोन केला नव्हता. तो कुठल्या गावचा, तिने चौकशी केली. तोवर तो कामासाठी परगावी निघून गेला होता.

पुढच्या निवडणुकीत भाऊ पडला. वॉर्ड बंद करायला निघाला म्हणून गावाने पाडलं आणि मोठं रुग्णालय आमच्या भागात का नाही म्हणून बाकीच्यांनी. लाल दिव्याची गाडी गेली, तसा तो बसने आला आणि ताईच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. तोवर तीही निवृत्त झाली होती.

"ताई, खरं सांग. एवढं भांडून घेतलं, जमलं का आम्हाला?"

सिस्टर कपबशा विसळत होती. "पूर्वी काही बिघडलं तर कुणाला बोलायचं तेच कळत नव्हतं. आता तुझं नाव घेऊन बोलता येतं. तुला पाडताही आलं. ते जमलं."

"आणि?"

"ज्याला मंत्र्याची बहीण ओळखत नाही त्याने काय करायचं, ते अजून जमलेलं नाही."

त्याला ते लागलं. चहा तसाच ठेवून तो अंगणात जाऊन उभा राहिला. तिने हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने तो आपण होऊन आत आला आणि गार झालेला चहा प्यायला.

वर्षभराने तो गावच्या पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला, पडला आणि शाळेत परत शिकवायला लागला. सिस्टरने मत कुणाला दिलं, हे गावाने तिला हरतऱ्हेने विचारून पाहिलं. ती सांगत नाही.