काकांचं अपेंडिक्स

आमच्या लॅबमध्ये किस्से साठतात ते बरण्यांमुळे. दिवसभर समोर लोकांचे तुकडे बरण्यांत तरंगत असतात आणि त्यातला एकही बोलत नाही. मग आम्हीच बोलतो! बडोद्यातली ही छोटीशी लॅब. डॉक्टरांनी पाठवलेला तुकडा मेणात बसवायचा, पापुद्र्यासारखा पातळ कापायचा, काचेवर घेऊन रंगवायचा आणि मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचा. हे काम मी, जोशीकाका आणि कल्पेशभाई करतो. या हिवाळ्यातले किस्से सांगते, कारण त्यांनी माझी झोप उडवली होती.

*

आधी मॅडमबद्दल. रिपोर्ट लिहिणाऱ्या दिघे मॅडम राहतात बडोद्यातल्याच अकोट्याला, आवाज पार पलीकडच्या गोत्रीपर्यंत ऐकू जाईल असा. पण लॅबमध्ये सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मॅडम ओरडल्या की सगळं ठीक! रिपोर्ट वाईट असला की त्या खुर्ची देतात, पाणी मागवतात आणि 'बेटा' म्हणतात.

एकदा मला आत बोलावून म्हणाल्या, "ये बेटा, बस." मी बसायच्या आधी स्वतःच पाणी मागितलं.

वाढदिवसाचा केक होता!

*

आता काका. रंग नीट बसतोय का हे पाहायला रोज एक ओळखीचा तुकडा आधी रंगवून बघावा लागतो. आमच्याकडे तो काकांचा आहे. त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा ते तपासायला इथेच आलं होतं, आणि उरलेलं काकांनी मोठ्या हौसेनं लॅबला देऊन टाकलं. त्यामुळे आमच्या सकाळी अशा सुरू होतात:

"काका, आज तुम्ही जरा फिके आलात."

"काल तर चांगला गुलाबी होतो!"

नव्या कुरिअरवाल्यानं हे ऐकलं आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "अंकल, एक बार डॉक्टर को दिखा दो."

*

थंडी पडली आणि काका डागाळले. कुठे जांभळे, कुठे पांढरेफटक. पेशंटच्या स्लाइड्सही तशाच! मॅडम आतून गरजल्या, "अर्धा पेशंट रंगवून अर्धा उद्यासाठी ठेवलाय का?"

कल्पेशभाई म्हणाले, "हवा ज एवी छे, बेन." त्यांचं प्रत्येक निदान हवेवर येऊन थांबतं. लिफ्ट बंद पडली तरी हवाच! काकांचा संशय रंगावर होता, त्यांनी नवी बाटली फोडली. माझा पाण्यावर, मी ते बदललं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काका होते तसेच.

*

आणि नेमकी तेव्हाच हेतलची बरणी आली.

हेतल आमच्या काउंटरवर बसते. तरसालीहून स्कूटीवर येते आणि घाबरलेल्या प्रत्येक पेशंटला सांगते, "चिंता नै करवानी, रिपोर्ट आवी जशे." त्या दिवशी तिनं नेहमीसारख्या बरण्या आत आणून ठेवल्या आणि एक हातातच धरून उभी राहिली. "आ मारी छे," म्हणाली. बरणीवर तिचंच नाव होतं. छातीत गाठ लागली होती.

सुईनं काढलेला तुकडा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. डागाळला म्हणून पुन्हा पुन्हा कापत बसलो तर संपणार! मॅडमनी बजावलं, "काकांचं अपेंडिक्स स्वच्छ आल्याशिवाय हेतलच्या मेणातल्या ब्लॉकला हात लावायचा नाही."

कुठलंही ओरडणं नाही. हळू आवाजात सांगितलं.

*

आता ओव्हनचं ऐका. रंगात घालायच्या आधी काच ओव्हनमध्ये गरम करतात, म्हणजे तुकड्याभोवतीचं मेण वितळतं आणि पुढे धुऊन निघतं. मेण राहिलं की तिथे रंग बसत नाही. हे आम्हाला झोपेतही सांगता येतं.

मॅडम सकाळीच येऊन उभ्या राहिल्या. "ओव्हन बघितला?"

"बघितला, मॅडम. तापमानाचा आकडा बरोबर आहे."

"मेण धुवायचं रसायन?"

"नवं घातलंय."

"मग डाग काय माझ्या डोळ्यांत आहेत?" असं म्हणत त्यांनी ओव्हनचं दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे करून शेकत बसल्या!

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण त्यांच्या आधी तिथे मी होते. माझ्या आधी काका. कल्पेशभाई तर पाठ शेकायचे. काचा आत, दार उघडं आणि ऊब सगळी आम्हाला! त्यात हेतलची बरणी आल्यापासून आमचे हात जास्तच गार पडत होते.

मॅडमनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. दार हळूच लावलं.

"उद्यापासून स्वेटर घालून या," एवढंच म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी काका एकही डाग न पडता आले. "काका, काय दिसताय!" मी म्हटलं. काका हसले नाहीत. त्यांनी हेतलचा ब्लॉक माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तूच काप." मी कापला. काच ओव्हनमध्ये गेली आणि कुणी दार उघडू नये म्हणून कल्पेशभाई दाराला पाठ लावून उभे राहिले.

स्लाइड स्वच्छ आली. मॅडम ती घेऊन आत गेल्या. एरवी काच ठेवल्या ठेवल्या बोलायला लागणाऱ्या मॅडम, पण आतून आवाज येईना.

हेतल खुर्चीतून उठली. काउंटरला वळसा घालून बाहेर गेली आणि रिपोर्टसाठी थांबलेल्या बायकांच्या मागे लाइनीत उभी राहिली. काउंटर रिकामं दिसायला नको म्हणून काका तिच्या खुर्चीत बसले. तिचा नंबर आला.

"काका, मारो रिपोर्ट?"

"चिंता..." काका म्हणाले.

दार उघडून मॅडम बाहेर आल्या. हातात काही नव्हतं. सरळ हेतलकडे वळल्या. आता खुर्ची देणार, पाणी मागवणार, म्हणून मी भिंत धरली.

"हेतल! फोन कधीचा वाजतोय! तिथे उभी राहून काय करतेस? काकांना खुर्चीत बसवून लाइनीत उभं राहायचा पगार देते का मी तुला?"

हेतल तोंडावर ओढणी धरून हमसून हमसून रडायला लागली. लाइनीतल्या एका मावशींना राहवलं नाही. "अहो मॅडम, किती ओरडता बिचारीला!"

"ओरडू द्या हो," काका डोळे पुसत म्हणाले, "अजून ओरडू द्या!"