इंजिन बसेपर्यंत

त्या काळात नाशकातली सगळ्यात वेगवान मोटारसायकल माझ्याकडे होती, आणि नाशकातला सगळ्यात सावकाश माणूसही मीच होतो. गाडी घेतल्यावरचे पहिले दोन महिने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. अंबडला एका कारखान्यात मी नुकताच सुपरवायझर म्हणून लागलो होतो. 'सुपरवायझर' हा शब्द मी तेव्हा इतक्या वेळा उच्चारायचो, की आई भाजीवालीशी बोलतानाही 'आमचे सुपरवायझर जेवले नाहीत अजून' असं म्हणायला लागली होती. अशा माणसाला साधी स्कूटर कशी शोभणार? मी दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची मोटारसायकल बुक केली आणि ती येईपर्यंत तिची वाट बघण्यातच सुपरवायझर वाळून निम्मा झाला.

नारळ, लिंबू, मिरची हे प्रकार वडिलांनी आमच्या घरातून फार पूर्वीच हद्दपार केले होते. त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा आईने हँडलला मोगऱ्याचा गजरा बांधला आणि वडील कॉलनीतल्या लोकांसमोर विज्ञाननिष्ठा या विषयावर चार शब्द बोलले. गजरा दुपारपर्यंत सुकला. चार शब्द संध्याकाळपर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रीला दाखवायला नेली. दाखवायला म्हणजे खरं तर मिरवायलाच. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "मस्त आहे साहेब. पण हजार किलोमीटर होईपर्यंत काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही."

"का?"

"पिस्टन नवा, सिलिंडर नवा, रिंगा नव्या. अजून त्यांची एकमेकांशी ओळख नाही. हळूहळू घासून रिंगा जागेवर बसतील. एकदा इंजिन बसलं, की मग उडवा."

"आणि आधीच उडवली तर?"

"मग इंजिन जाम आणि तुम्ही माझ्याकडे."

इंजिन बसलं! काय शब्द होता. या प्रकाराला 'रनिंग-इन' म्हणतात हे मला माहीत होतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत तसं छापलेलंच होतं. पण पुस्तिका कुणीही वाचतो. 'इंजिन बसतंय' हे मिस्त्रीचं, आतल्या गोटातलं बोलणं होतं. मी ते उचललं आणि भेटेल त्याच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. पुढे जे झालं ते या हौसेमुळे झालं.

त्याच आठवड्यात मामांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मामांचा नाशिकरोडला लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्नं, सभा, जयंत्या, सगळीकडे त्यांचे कर्णे. मुलगी देवळाली कॅम्पची, शाळेत गणित शिकवणारी. तिचे वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफा ओढणारे ट्रक चालवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. पाहायला गेलो तेव्हा मी अर्थातच मोटारसायकलवर गेलो, आणि आई-वडील बसने येऊन माझ्या आधी पोचले.

पोह्यांच्या ताटल्या झाल्या, माझ्या पगाराची, गावाची, नातेवाइकांची चौकशी झाली. मुलीला काही विचारायचंय का, असं तिच्या आईने म्हटल्यावर तिने दाराबाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही खरंच तेवढी पळते?"

"बघालच तुम्ही," मी म्हणालो.

माझं मन तिथेच बसलं. खोटं कशाला सांगू, त्या आधी मी लग्नापेक्षा गाडीचा विचार जास्त करत होतो. त्या एका प्रश्नानंतर मला दोन्हीचा विचार एकदमच यायला लागला. इगतपुरीच्या रस्त्यावर ती मागे बसली आहे, काटा चाळीसच्या खूप पुढे गेला आहे आणि तिचा हात माझ्या खांद्यावर आहे, एवढंच चित्र मी दिवसभर बघायचो. कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसांना त्या दिवसांत बरीच मोकळीक मिळाली असणार.

तिच्या वडिलांनी मात्र लगेच होकार दिला नाही. मामांना ते म्हणाले, "मुलगा ठीक आहे. गाडी मात्र त्याच्या मानाने जास्त आहे. थोडे दिवस बघू."

बघू म्हणजे काय बघणार, हे कुणालाच कळलं नाही. मी मनाशी ठरवलं की आपण दिसत राहायचं. शिवाय हजार किलोमीटर कुठेतरी घालवायचे होतेच. मग रोज कारखाना सुटला की मी अंबडहून देवळाली कॅम्पकडे निघायचो, बाजारातून भगूरपर्यंत जायचो आणि परत यायचो. चाळीसच्या वेगाने. इंजिन नवं म्हणून पेट्रोलमध्ये तेल जास्त घातलेलं, त्यामुळे मागे धूर असा, की माझी वरात मच्छर मारायला निघाली आहे असं वाटावं.

मला कोण कोण मागे टाकून गेलं याची आठवण आजही सुखाची नाही. एसटी तर रोजच जायची. एकदा तिच्या कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "धक्का देऊ का?" लष्करी ट्रकमधले जवान हात हलवायचे. पण सगळ्यात वाईट होती एक पायडलवाली मोपेड. तिच्यावर एक काका द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या बांधून रोज त्याच वेळी यायचे. ते माझ्या शेजारी आले की माझ्या दोन सायलेन्सरांकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि काहीही न बोलता पुढे निघून जायचे. ते काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.

माझा उजवा हात शिवशिवायचा. रागीट माणूस आहे मी. पुढे घुसणाऱ्याशी रेशनच्या रांगेतही भांडायचो. पण मिस्त्रीचा 'जाम' हा शब्द कानात होता, आणि त्यापेक्षाही मोठी भीती अशी, की तिने मागे बसावं आणि गाडीने मान टाकावी. तेवढ्यासाठी मी दातओठ खाऊन चाळीस सांभाळले.

हजार भरायला थोडेच उरले होते तेव्हा नाशिकरोडला मामा भेटले. ते कुठल्याशा मंडपासमोर खांबावर कर्णा बांधत होते. "काय रे भाच्या, गाडी काय म्हणते?"

मी छाती फुगवून सांगितलं, "मामा, इंजिन बसत आलंय. रविवारपर्यंत पूर्ण बसेल!"

मामांचा चेहरा पडला. मी समजलो, कर्णा जड असेल. मी हसत हसत निघून आलो.

आमच्या मामांच्या जगात 'बसणं' या शब्दाला एकच अर्थ होता. ऐन भाषणात बॅटरी बसते. गाणाऱ्याचा आवाज बसतो. पावसात मंडप बसतो, आणि मंडपाबरोबर धंदा बसतो. आपल्या भाच्याने नव्याकोऱ्या गाडीचं इंजिन दोन महिन्यांत बसवलं, आणि वर ते हसत सांगितलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. आणि मामा सरळ माणूस. पुढे कळलं तर मध्यस्थाला दोष नको, म्हणून त्याच संध्याकाळी ते देवळालीला गेले आणि मुलीच्या वडिलांच्या कानावर ही गोष्ट घालून आले.

नकार शनिवारी आला. तो आणलाही मामांनीच.

"ते म्हणाले, नवी गाडी ज्याच्या हातात दोन महिने टिकत नाही, त्याच्या हातात पोरगी कशी द्यायची?"

मी हादरलोच. "अहो मामा, इंजिन बसणं चांगलं असतं!"

"उगीच कायतरी बोलू नको. तीस वर्षं मी बॅटऱ्या बसताना बघतोय. एकदाही कुणी पेढे वाटले नाय."

आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. वडिलांनी विज्ञाननिष्ठेवर काही बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मला ती मुलगी खरोखर हवी होती. गाडीच्या मागच्या सीटवर शोभण्यासाठी नव्हे. मी जेवलो नाही. सुपरवायझर जेवले नाहीत हे त्या दिवशी आईने कुणालाही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मी देवळालीला निघालो. रागाने पेटलेल्या माणसाने चाळीसच्या वेगाने जाणं फार अवघड असतं. राग केव्हाच पुढे पोचलेला असतो आणि आपण मागून धूर काढत येत असतो. हजारला वीसेक किलोमीटर कमी होते. आता काय फरक पडतो, असं हात म्हणत होता. तरी मी काटा हलू दिला नाही. रविवार असूनही मोपेडवाले काका आले, त्यांनी बघितलं आणि पुढे गेले.

तिचे वडील फाटकाशी पेरूच्या झाडाला पाणी घालत होते. मी गाडी उभी केली आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून सुरुवातच अशी केली, "काका, इंजिन बसलंय हे खरं आहे."

"कळलंय ते."

"पण ते चांगलं झालं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडीबरोबर माझ्या डोक्याचंही काहीतरी बसलं असावं. "गाडी इथवर आणली कशी? ढकलत?"

"चालवत."

"बसलेल्या इंजिनावर?"

"बसलंय म्हणूनच चालतेय ना!" माझा आवाज चढला. मुलीच्या बापासमोर आवाज चढवायचा नसतो एवढं मलाही कळत होतं, पण चढला. "रोज चाळीसने आणून बसवलंय मी ते!"

खिडकीच्या आतून हसण्याचा आवाज आला. मग ती दारात आली, हातात तपासायला घेतलेली वही तशीच. "बाबा, ते रनिंग-इन म्हणतायत."

काकांनी पाण्याची झारी खाली ठेवली. "रनिंग-इन? मग तसं बोलायला काय होतं? आमच्याकडे नवीन ट्रक आला की महिना महिना आम्ही तेच करायचो." मग आणखी काहीतरी लक्षात येऊन ते म्हणाले, "म्हणजे ते रोज मोपेडच्या मागून जायचात, ते यासाठी?"

"तुम्ही पाहिलंत?"

"पानवाल्यापाशी बसून रोज पाहत होतो. मला वाटायचं एकतर गाडीत दोष आहे, नाहीतर तुमच्यात."

त्यांनी गाडी सुरू करायला लावली. वाकून आवाज ऐकला. काट्याशेजारचा आकडा पाहिला. मग त्यांनी हात पुढे केला. "सरका. मागे बसा."

माझ्या गाडीवर माझ्या पुढे कुणी बसेल हे माझ्या कुठल्याच चित्रात नव्हतं. पण मी बसलो. काका बाजारातून भगूरकडे निघाले, चाळीसने, आणि इतक्या सफाईने, की गाडी माझी आहे यावर माझाच विश्वास बसेना. गाव मागे पडलं. त्यांच्या खांद्यावरून मी हजारचा आकडा मीटरच्या खिडकीत फिरताना पाहिला. त्यांनीही पाहिला.

"धरा," एवढंच ते म्हणाले.

यानंतरचं मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले. ज्या क्षणासाठी दोन महिने अख्ख्या देवळालीचं हसू सोसलं, तो क्षण मी पाहिलाच नाही. कानात वारा होता आणि दोन्ही हात काकांच्या कमरेभोवती होते. कुठेतरी एक ओळखीचा फटफट आवाज आला आणि मागे पडला. तो मोपेडचा होता असं मी आजवर मानत आलोय, पण शपथेवर सांगणार नाही.

फाटकाशी परत आलो तेव्हा ती तिथेच उभी होती, आणि मी अजून तिच्या वडिलांना मिठी मारून बसलेलो होतो.

"खरंच पळते की," ती म्हणाली.

काकांनी गाडी स्टँडला लावली, रुमालाने टाकी पुसली आणि चावी माझ्या हातात ठेवली. त्यांचे डोळे तरुण माणसासारखे चमकत होते. "इंजिन उत्तम बसलंय," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी हिला मागे बसवून फिरवून आणा. आणि घरी जाताना तुमच्या मामांना एवढं नीट समजावा, नाहीतर ते आणखी काहीतरी बसवतील."

हा होकार होता हे मला पार विहितगाव ओलांडल्यावर समजलं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि मग डोळे पुसले.

पुढच्या रविवारी आम्ही इगतपुरीच्या रस्त्याला लागलो. पांडवलेणी गेली, विल्होळी गेलं. समोर रस्ता सरळ आणि मोकळा होता. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि बोलत होतो फक्त हवेबद्दल. बऱ्याच वेळाने तिने मागून विचारलं, "बाबांनी किती नेली होती?"

"माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते."

ती हसली. "आणि आता किती आहे?"

मी खाली पाहिलं. काटा चाळीसवर होता. दोन महिन्यांच्या सवयीने हात तिथेच अडकला होता, आणि मला पत्ताही नव्हता.

"इंजिन बसलंय ना?" ती म्हणाली. "मग?"

मी मूठ पिळली, आणि तिचा हात माझ्या खांद्यावर येऊन बसला.