एकच वाक्य

तिचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, पण आवाज घरोघरी पोचला होता. ती डबिंग करायची. बाहेरून आलेल्या सिनेमांतल्या नट्यांच्या ओठांवर आपल्या भाषेतले शब्द बसवायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून दिवसभर दुसऱ्यांसाठी रडते, म्हणून घरी भांडायला तिच्यात त्राणच उरत नाही!"

मग तो सिनेमा आला. त्यातला माणूस एका मुलीच्या पार नादी लागतो, तिला कोंडून ठेवतो आणि रोज तिच्याकडून एकच वाक्य वदवून घेतो, "मी तुला सोडून कुठेही जाणार नाही." मुलीचं रडणं, धापा, ते वाक्य, सगळं हिनेच दिलं. घसा बसला तेवढा. पुढच्या कामात ती ते विसरूनही गेली.

एकदा औषधांच्या दुकानात ती नवऱ्यासाठी खोकल्याचं औषध मागत होती. मागच्या माणसाने डोळे मिटून घेतले.

"थांबू नका," तो म्हणाला. "बोलत राहा."

तिने वळून पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग.

"तुम्हीच त्या. बोलायच्या आधी श्वास घेता ना, त्यावरून ओळखलं. ते वाक्य म्हणा की एकदा."

औषध तिथेच टाकून ती निघाली.

मग तो रोज दिसू लागला. बसथांब्यावर, स्टुडिओच्या फाटकाशी. वाट अडवायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. नुसता कान देऊन उभा राहायचा. चौकीतला हवालदार म्हणाला, "बाई, ऐकणं हा काही गुन्हा नाही." शेवटी तिने रस्त्यात, दुकानात बोलणंच सोडलं.

एका दुपारी ती कामावरून आली, तर तो बैठकीच्या खोलीत चहा पीत बसलेला. नवरा कामावर गेला होता.

"ये गं, तुमच्या स्टुडिओतले साहेब आलेत," सासूबाई म्हणाल्या.

तो शांतपणे उठला, दाराला आतून कडी लावली.

"एकच वाक्य. मग मी जातो."

म्हणून टाकावं आणि सुटावं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलं, तसे त्याचेही ओठ हलू लागले. सिनेमात त्या वाक्यानंतर त्या मुलीची कधीच सुटका झाली नव्हती. तिने तोंड घट्ट मिटलं.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं आणि खिडकी गाठून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अहो, धावा कुणीतरी!"

शेजारी दार बडवू लागले. त्यानेच कडी काढली, शर्ट नीट केला.

"आज थकलेल्या दिसता," तो म्हणाला. "पुन्हा येईन."

या वेळी पोलिसांनी त्याला नेलं. त्याच्या थोरल्या भावाने हात जोडले, त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात भरती केलं. इकडे हिच्या घरच्यांनी जागा बदलली. सासूबाई आता बेल वाजली की आधी मुलाला फोन लावतात.

परवा त्या भावाचा फोन आला. "तो घरी आलाय, ताई. आता बरा आहे. काळजी करू नका."

ती ऐकत राहिली.

"हॅलो? ताई, बोला ना काहीतरी."

तिने अवाक्षरही न काढता फोन ठेवला. पलीकडे आणखी कोण कान लावून बसलंय, हे तिला कसं कळणार होतं?