झेरॉक्सवाल्या बाई आणि मोठी अक्षरं

शांती नगरातल्या झेरॉक्सवाल्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. ई-रीडरवर पुस्तकाच्या पीडीएफची अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणून बाबांनी वाचणंच सोडलं होतं. शेवटी ती फाइल मी बाईंच्या दुकानात नेली.

"पीडीएफ म्हणजे छापलेलं पान, ते हलत नाही," बाई म्हणाल्या. "ईपब करू. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने बसतात."

फाइल बदलताना जोडाक्षरं फुटली. कानामागची पेन्सिल स्क्रीनवर ओळीओळीला टेकवत बाईंनी चार दिवसांत ती सगळी दुरुस्त केली. मग बाबांना बोलावून, ई-रीडरवर अक्षर मोठं करून त्यांचा चष्माच काढून घेतला.

"वाचा आता, काका."

बाबा खणखणीत आवाजात वाचू लागले. मागे आधारकार्डवाल्यांची रांग वाढली.

"भाभी, मेरा कॉपी?" रांगेतून एकाने विचारलं.

"रुको," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पहले काका का पान पूरा होने दो."