कुत्रं बसलं तर होडी घ्यावी

आमच्या खाडीकाठी होडी विकत घेताना कोणी फळ्या ठोकून बघतो, कोणी बुडाशी वाकून डांबर नखाने उकरतो. माझे वडील यातलं काही करायचे नाहीत. ते आमच्या कुत्र्याला होडीत चढवायचे, होडी कमरेएवढ्या पाण्यात ढकलायचे आणि विडी पेटवून गप्प उभे राहायचे. कुत्रं कुल्ले टेकून बसलं तर होडी चांगली. उभंच राहिलं तर होडी चंचल, मग मालकाने फुकट देऊ केली तरी नको. "माणूस भ्यालं तरी लाजेनं बसून ऱ्हातंय. कुत्र्याला लाज नाय," असं त्यांचं म्हणणं. गावातले लोक यावर हसायचे आणि स्वतःची होडी घ्यायची वेळ आली की आमचं कुत्रं मागून न्यायचे.

भातकापणी आटोपली, झोडणी होऊन भात घरात आलं, की बाबा चार-पाच दिवसांसाठी खाडीने वर राजापूरच्या दिशेला जायचे. होडीत पाग म्हणजे फेकायचं जाळं, तांदूळ, मीठ, गोड्या पाण्याच्या कळश्या, एक घोंगडी आणि दोन कुत्रे. भरती लागली की निघायचं, ओहोटी लागली की असाल तिथे काठाला लागायचं, असा तो प्रवास. मुक्काम बहुतेक जुव्यावर, खाडीच्या मधल्या बेटावर. कुत्रे कशाला, तर सुकत घातलेल्या मासळीला कोल्हे लागू नयेत म्हणून, असं ते आईला सांगायचे. खरं म्हणजे त्यांना न बोलणारी सोबत हवी असायची आणि आमच्या घरात ती मिळण्यासारखी नव्हती. आई बोलायची आणि तिची उसंत संपायच्या आत मी बोलायची.

मी एकुलती एक. दरवर्षी मी धक्क्यावर जायची आणि दरवर्षी म्हणायची, बाबा, मलापण न्या.

"होडीत जागा नाय गो."

जागा नाही म्हणजे काय, हे मला दिसत होतं. दोन कुत्रे मिळून माझ्याहून जास्त जागा अडवून बसले होते. त्यातला मोठा तर जावईबापू आल्यासारखा आडवा पसरायचा. होडी सुटली की बाबा मागे न बघता ओरडायचे, "उन्हात उभी ऱ्हाव नको, घरी जा!" मी जायची नाही. कांदळाच्या झाडीपाशी खाडी वळते, त्या वळणाआड होडी जाईपर्यंत उभी राहायची आणि मग घरी येऊन आईशी कारण नसताना भांडायची.

ते परत यायचे तेव्हा कुत्र्यांच्या अंगाला धुराचा, चिखलाचा आणि भाजलेल्या मासळीचा वास असायचा. मी त्यांच्या मानेत नाक खुपसून बसायची. बाबा काही सांगायचे नाहीत, म्हणून त्या वासावरून मी जुवा रचायची. इथे चूल असेल, इथे घोंगडी, इथे पाणी चढत येत असेल. माणसांना एकमेकांचा हेवा वाटतो म्हणतात, मला आयुष्यात खरा हेवा वाटला तो दोन गावठी कुत्र्यांचा.

पुढे मी मुंबईला गेले, शाळेत मास्तरीण झाले, संसार केला. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण नोव्हेंबर लागला, हवेत थोडा कोरडेपणा आला, की वर्गात शिकवताना मध्येच मन धक्क्यावर जाऊन उभं राहायचं. आता बाबा निघाले असतील. आता ओहोटी लागली असेल. मी सुटीत गावी यायची ती गणपतीत आणि मे महिन्यात, आणि तो प्रवास दरवेळी माझ्याशिवायच व्हायचा. एका वर्षी फोनवर सहज विचारलं तर बाबा म्हणाले, होडी किडली, आता नाय जात. मी शाळेच्या जिन्यात बसून रडले. एवढं काय झालं, हे कोणाला सांगणार?

निवृत्त झाल्यावर गावी राहायला आले. नवरा अजून नोकरीत, तो मुंबईतच आहे. त्याला बादलीतल्या पाण्याचीही भीती वाटते. आई आता नाही. बाबा ऐंशीच्या पुढे गेलेत. डोळे, कान आणि जीभ तिन्ही शाबूत, फक्त गुडघे गेले. आल्या आल्या दोन कुत्र्यांनी मला पाळलं. एक पिवळी, वयस्कर, शेजारी घर बंद करून गेले तेव्हा मागे राहिलेली. दुसरा काळा, कुठून आला देव जाणे. पिवळीला मी थोरली म्हणते आणि काळ्याला धाकटा, जावांसारखे त्यांचे मानपान सांभाळावे लागतात.

मग एका सकाळी चहा पिताना मी बाबांना म्हटलं, "मी होडी घेतेय. कुत्र्यांना घेऊन खाडीने वर जाणार. जुव्यावर राहणार."

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील, बाईमाणसाने कशाला. ते म्हणाले, "कुत्री बसवून बघितल्याशिवाय घेव नको."

मी मात्र मनात एक गोष्ट धरून होते आणि ती त्यांना सांगितली नव्हती. होडी मला कुत्र्यांपुरती आणि माझ्यापुरती नकोच होती. मला बाबांना न्यायचं होतं. लहानपणी त्यांनी मला जुवा दाखवला नाही, तर आता मी त्यांना दाखवणार होते. यात प्रेम किती आणि सूड किती, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नसतं.

पहिली होडी बघितली ती प्लास्टिकची, नारिंगी रंगाची. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका मुलाकडे होती. "मॅडम, ही बुडतच नाही," असं तो म्हणाला. थोरलीने एक पाय आत ठेवला, प्लास्टिक उन्हाने तापलेलं होतं, तिने पाय झटकला आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. धाकट्याने एका बाजूने उडी मारली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. मधे थांबण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. बाबा रिक्षातूनच बघत होते, ते उतरलेसुद्धा नाहीत.

दुसरी नाट्याला, म्हणजे नाटे गावात. फायबरची, रुंद, पांढरी. ती मी बघितली आणि माझा जीव तिच्यात अडकला, कारण मधल्या मोकळ्या जागेत बाबांची प्लास्टिकची खुर्ची सरळ बसत होती. मी टेप काढून मापसुद्धा घेतलं. खुर्ची, तिच्या पायाशी थोरली, पुढे नाळेच्या टोकाशी धाकटा, मागे वल्ह्यावर मी. वर ताडपत्रीची सावली करता आली असती. बाबांना चढवायला दोन माणसं मिळाली असती. मी मनात त्यांना बसवून घेऊन निघालेसुद्धा.

होडी पाण्यात ढकलली. थोरलीला उचलून आत ठेवलं. तळ गुळगुळीत, तिची नखं सर्र सर्र घसरली. ती चारी पाय फाकवून, पाठ ताठ करून उभी राहिली. मी गोणपाट अंथरलं, तरी उभीच. बिस्कीट दाखवलं, तरी उभीच. मी पाण्यात उभी राहून तिला हळू आवाजात विनवत होते, "बस गो बाय माझी, बस." अहो, कुत्रीला मी जेवढं आर्जवलं तेवढं लग्न ठरताना सासूलाही आर्जवलं नव्हतं.

धक्क्यावरून बाबा म्हणाले, "उभी हाय."

"सवय नाही तिला. बसेल."

"उभी हाय म्हंजे उभी हाय."

घरी आल्यावर म्हटलं, मी तीच घेणार. बाबा म्हणाले, वाऱ्यावर पालथी पडेल. मी म्हटलं, पडू दे.

तिसरी होडी त्यांनीच शोधली. फोन करकरून, कोणाकोणाला विचारून. आमच्याच खाडीकाठी एका घराच्या पडवीत झावळ्यांखाली ठेवलेली. जुनी, लाकडी, अरुंद, बाजूला उलांडी असलेली. उलांडी म्हणजे दोन आडव्या वाश्यांनी होडीला जोडलेला ओंडका, तो पाण्यावर टेकून होडीला तोल देतो. मालकाचे मुलगे मुंबईत, होडीला कोणी वारस नाही. आम्ही ती पाण्यात उतरवली. थोरलीला मी हात लावायच्या आत ती स्वतः चढली, कडेला हुंगलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, बसली आणि हनुवटी उलांडीच्या वाश्यावर टेकवून डोळे मिटले. धाकटा तिच्यामागे गेला आणि तिच्या पाठीला टेकून बसला.

बाबा हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मी त्यांना असं हसताना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"घे," ते म्हणाले. "तुला आणि कुत्र्यांना बरोबर हाय."

"आणि तुम्ही?"

"माझं काय?"

"तुम्ही कुठे बसणार हिच्यात?"

त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, होडीकडे बघितलं. "मला कशाला जागा होयी?"

मग माझा तोल गेला. मालक तिथेच उभा होता, त्याचीही भीड राहिली नाही. मी म्हटलं, सगळं लहानपण कुत्र्यांना जागा होती, मला नव्हती. आता मी तुमच्यासाठी जागा करायला निघालेय, तर तुम्हालाच नको. मला नाट्याची होडी हवी आहे कारण तिच्यात तुमची खुर्ची बसते. मी माप घेतलंय. मला तुमच्याबरोबर जायचं होतं बाबा, कायमच तुमच्याबरोबर जायचं होतं, एकटीला मी तिथे जाऊन काय करू?

मालक बिचारा झावळ्या गोळा करायला लागला.

बाबा बराच वेळ काठी वाळूत टोचत राहिले. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी कुत्रं पडलेलं पाण्यात. भोवऱ्यात. मोठा कुत्रा नव्हं, त्याच्या आधीचा. नाय मिळाला. मी रडलो थय काठाला, आणि भात शिजवला, आणि घरी आलो."

त्यांनी काठी उपटून पुन्हा टोचली.

"तू पडली असतीस तर मी घरी कसा आलो असतो गो?"

एवढंच. मला त्या कुत्र्याबद्दल कोणी कधी सांगितलं नव्हतं. कोल्ह्याने नेला असं घरी सांगितलं असणार, किंवा काहीच नाही. इतकी वर्षं मी ज्या जागेचा हेवा केला, ती जागा बाबांच्या लेखी गमावता येईल अशा जिवांची होती. मला रडू आलं आणि रागही आला, की हे एक वाक्य बोलायला यांना माझे केस पांढरे व्हावे लागले. दोन्ही एकदम आलं आणि दोन्ही मी येऊ दिलं.

थोरली होडीत घोरत होती.

मी ती लाकडी होडी घेतली. डांबर लावून घेतलं, तळाला गोणपाट अंथरलं. पाण्याचे कॅन कुठे ठेवायचे, ते बाबांनी पडवीत जमिनीवर खडूने होडी काढून दाखवलं. पाणी मधे, तांदूळ मागे, कुत्र्यांच्या पायात दोरी येता कामा नये, आणि मुक्कामाला लागल्यावर आधी त्यांना पाजायचं, नाहीतर ती खारं पाणी पितात आणि सगळी रात्र ओकतात. जुव्यावर कुठे उतरायचं तेही सांगितलं. उंडीचं एक झाड आहे, त्याच्या मागे वारा लागत नाही, तिथे तीन दगडांची चूल असेल, अजून असली तर. ते हे सगळं सांगत होते आणि मी लहान असल्यासारखी पुन्हा पुन्हा विचारत होते. मला सगळं आधीच कळलं होतं. मला ते बोलताना ऐकायचं होतं.

भातकापणीनंतर, सकाळी भरती लागली तेव्हा मी निघाले. बाबा रिक्षाने धक्क्यापर्यंत आले. खुर्ची आणली होती, पण ते बसले नाहीत, काठीवर भार देऊन उभे राहिले. कुत्री चढली, आपापल्या जागी बसली. शेजारच्या एकाने होडी ढकलली आणि पाण्याने ती उचलून घेतली. भरतीचं पाणी एकदा न्यायला लागलं की परत फिरायची सोय नसते, सहा तास ते वरच नेत राहतं. मी वल्हं मारलं. धक्का लांब गेला. ऊन चांगलंच वर आलं होतं आणि बाबांच्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती.

मी ओरडले, "बाबा, उन्हात उभे राहू नका! घरी जा!"

ते हलले नाहीत.

आणि होडीत थोरली उठली. वारा नव्हता, लाट नव्हती, होडी जराही डुलत नव्हती. ती मागे वळली आणि धक्क्याकडे तोंड करून, कान उभे करून उभी राहिली. बाबांच्या नियमाप्रमाणे होडी नापास झाली होती. मी तिला दोनदा बस म्हटलं, मग म्हणायचं सोडलं.

कांदळाच्या वळणापर्यंत ती बसली नाही. बाबाही बसले नाहीत.