आपोआप काही तुटत नाही

जगात आपोआप काहीही तुटत नाही, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि लग्न होऊन ठाकुर्लीला आले तेव्हा तो माझा थोरला दीर निघाला. "तुटत नाही, कुणीतरी तोडतं," हे भाऊजींचं ठरलेलं वाक्य. मग तो कपाचा कान असो, नाहीतर शेजारच्या मुलीचं ठरलेलं लग्न असो. मानपाड्याच्या एका कारखान्यात ते यंत्रांवरची मीटर दुरुस्त करायचे आणि घरी आल्यावर उरलेल्या जगाकडे वळायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि पँटच्या खिशात खडूचा तुकडा. खडू कशाला, तर संशयित जागेवर फुली मारायला. पंखा आवाज करतोय म्हटलं तर तेल सोडून मोकळं होणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते विचारणार, "कधीपासून? रोज की अधूनमधून? जेवणानंतर वाढतो का?" जाऊबाई म्हणायच्या, "पंख्याची एवढी चौकशी! माझी कंबर वर्षभर दुखतेय, तिला कुणी विचारत नाही."

एकदा डोंबिवलीत नात्यातल्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत माईक गेला. भटजींचा आवाज चांगला खणखणीत, कुणाचं काही अडलं नव्हतं. पण भाऊजी हातातल्या अक्षता माझ्या ओंजळीत टाकून वायरीचा माग काढत सतरंजीखाली शिरले ते दिसेनासेच झाले. "सावधान" झालं, वाजंत्री सुरू झाली, आणि नेमक्या त्याच क्षणी ते नवरानवरीच्या मधून वर आले. निम्म्या अक्षता त्यांच्याच डोक्यावर पडल्या. कपाळावरचा तांदूळ झटकत ते एवढंच म्हणाले, "कुणीतरी खुर्चीचा पाय ठेवला होता."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी घरात बिनतारी फोन आणला. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना हॉलपर्यंत चालायला लागू नये म्हणून. फोन दिसायला झकास, पण तो हातात घेऊन स्वयंपाकघराकडे निघालं की समोरचा माणूस खरखरीत बुडायचा. कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असे. तो अख्खा शुक्रवार भाऊजी फोन कानाला लावून घरभर एकोणतिसाचा पाढा म्हणत फिरले, आणि मी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये उभी राहून पाढा कुठे तुटतो ते त्यांना सांगत होते. दोनदा तो मध्येच मोडला. त्यातला लायनीमुळे किती आणि भाऊजींमुळे किती, हे मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन बघते तर जमिनीवर जिकडेतिकडे फुल्या, आणि देवघरासमोर एक मोठा गोल. "आई, फोनवर बोलायचं तर या गोलात बसायचं. इथे आवाज स्वच्छ येतो."

"या वयात मला गोलात बसवतोस?" असं म्हणत सासूबाई पाट ओढून बसल्या. खडू पुसला गेला की भाऊजी तो गोल पुन्हा काढायचे.

त्याच वर्षी माझे धाकटे दीर शिकायला अमेरिकेला गेले. त्यांना तिकडे पाठवायचा हट्ट भाऊजींचाच. सासूबाईंच्या मनात नव्हतं, आणि खरं तर जाणाऱ्याच्याही नव्हतं. तिकडून फोन यायचा तो सणावारी, तोही हॅलो म्हणेपर्यंत संपणारा. मग भाऊजींनी कॉम्प्युटर घेतला आणि फोनच्या लायनीवर इंटरनेट जोडलं. रोज रात्रीची जेवणं आटोपली की मॉडेम किंचाळायचं आणि पडद्यावर दिरांची अक्षरं उमटायची. आम्ही ती सासूबाईंना वाचून दाखवायचो. त्या थोडा वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "हे नुसतं दिसतं. त्याचा आवाज कुठाय?"

"आई, तो फोनच्याच वायरीतून येतोय," भाऊजी अभिमानाने सांगायचे.

आणि थोड्या वेळात कनेक्शन तुटायचं. एक दिवस नाही, रोज. धाकट्या दिरांचं तिकडे मुळीच रमत नव्हतं. सगळं सोडून परत येतो, हाच रोजचा सूर. भाऊजी त्यांना समजावत बसायचे आणि अर्ध्या वाक्यात लाइन जायची. एकदा तर पडद्यावर "दादा, मला इथे" एवढंच राहिलं. पुढचं वाक्य काय होतं याचा विचार करत भाऊजी कितीतरी वेळ तसेच बसले होते. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तपास सुरू झाला. घरातला कुठलाही फोन उचलला की नेट तुटतं, म्हणून नेट चालू असताना फोन उचलायचा नाही, हा कायदा होताच. आता हॉलमधल्या फोनवर टॉवेल गुंडाळला गेला. कॉम्प्युटरपासून गच्चीपर्यंतची वायर भाऊजींनी वीत वीत चाचपली. घरात काही सापडेना तेव्हा ते बिल्डिंगवर घसरले. शुक्रवारी प्रत्येक घरात जाऊन ट्यूब, फ्रिज, मिक्सर आळीपाळीने बंद करायला लावले. लोक कुरकुरले, पण बंद केले, कारण प्रत्येकाचं काही ना काही भाऊजींनी कधीतरी फुकटात दुरुस्त केलं होतं. तळमजल्यावर खाडीकाठच्या कोळीवाड्यातून राहायला आलेल्या मावशी होत्या, त्या तेवढ्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमचे घरान मिक्सर नाय, पाटा हाय. त्याची पण वायर बगाला येशील का?"

त्या रात्री पुन्हा लाइन गेली. भाऊजी टॉर्च आणि खडू घेऊन उठले, मी त्यांच्या मागे. देवघराशी ते थबकले. खडूच्या गोलात, बरोबर मधोमध, सासूबाई बसल्या होत्या. कानाला बिनतारी फोन.

"बाळ्या, जेवलास का रे?" त्या फोनमध्ये विचारत होत्या.

मग थोडं ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला. आम्हाला बघून त्या जरासुद्धा गडबडल्या नाहीत. "ऐकतो रे तो," त्या म्हणाल्या, "पण बोलत नाही, नुसती खरखर येते. माझं विचारून झालं की लगेच ठेवून देतो. कामात असेल."

मी काही बोलणार तोच भाऊजींनी हाताने मला थांबवलं. वायर वायर शोधणाऱ्या माणसाला बिनवायरीचा फोन सुचला नव्हता. पण गुन्हेगार सापडूनही ते गप्प बसले, असं मी तरी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी खडू खिशात टाकला, आणि सकाळी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "लायनीत ओल शिरलीय. आपोआप जाते. इलाज नाही." त्या "आपोआप"वर अख्खी बिल्डिंग चाट पडली.

त्या दिवसापासून महत्त्वाचं बोलणं ते आधीच उरकून घ्यायचे. आतून पाट सरकल्याचा आवाज आला की टाइप करायचे, "आता आई येतेय." तिकडे खरं तर सकाळ असायची, पण उत्तर यायचं, "जेवलो म्हणून सांग." मग लाइन जायची. भाऊजी उठून देवघराशी जायचे. "आई, तो जेवलाय."

"हो, आत्ताच विचारलं मी त्याला," सासूबाई म्हणायच्या.

धाकटे दीर पुढे रमले तिकडे. परत यायचं पुन्हा कधी बोलले नाहीत. कशाने रमले, ते मी विचारलं नाही. मला माझ्यापुरतं ठाऊक आहे.

सासूबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. भिंतीवर वायफायचा डबा लुकलुकत असतो, आणि दिरांचा चेहरा, आवाज, टक्कल, सगळंच घरबसल्या दिसतं. पण अजून कधीतरी बोलता बोलता ते गोठतात आणि लाइन जाते. मी डबा बंद करून पुन्हा चालू करायला उठते. भाऊजींच्या खिशात टेस्टर अजून असतो, पण ते जागचे हलत नाहीत. देवघराकडे बघतात आणि म्हणतात, "थांब गं जरा. तिचं बोलून होऊ दे."

मग मी पुन्हा बसते.