घरमालकांचं विलायती आख्यान

कसल्याही आवाजातून गोष्ट काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की तोच आमचा घरमालक निघाला! पन्नास-साठच्या त्या वर्षांत बेंगळुरातलं जयनगर नुकतं वसत होतं. बेळगावाहून बदली होऊन मी तिथे आलो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत उतरलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. पहिल्याच सकाळी नळ घरघरला, तर अण्णा खिडकीतून ओरडले, "ऐकलंत? सासरी निघालीय. पाय निघत नाहीये हो बिचारीचा!" मी बादली घेऊन उभा. पाणी काही आलं नाही, अण्णा मात्र डोळे पुसत आत गेले.

हे गृहस्थ नोकरीने कारकून आणि जिवाने व्हायोलिनवाले. तेही इंग्रजी पद्धतीचं, हनुवटीखाली धरून वाजवायचं. त्यांनी चौघांचा ताफा जमवला होता. दोन व्हायोलिनं, एक जरा जाड आवाजाचा व्हायोला आणि गुडघ्यांत धरायचा भलामोठा चेलो. चेलोवर एक अँग्लो-इंडियन गृहस्थ, रेल्वेतले निवृत्त गार्डसाहेब. अण्णांच्या मते चार वाद्यं म्हणजे एका छपराखालचं कुटुंब. पहिलं व्हायोलिन थोरली मुलगी, दुसरं धाकटी, व्हायोला आई आणि चेलो बाप. "स्वल्प दमानं, साहेब! बाप फार बोलत नाही, पण घर त्याच्यावर उभं असतं. सरी का, बरोबर ना?" असं ते तालमीत बजावत. गार्डसाहेब ब्रह्मचारी! तरी बिचारे बापासारखं तोंड करून वाजवत.

कार्यक्रमात प्रत्येक भागाआधी अण्णा उठून गोष्ट सांगत, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. थोरली रुसून घर सोडते, आई दारापर्यंत जाते, बाप हाक मारत नाही. एकदा ही गोष्ट इतकी रंगली की वाजवायला वेळच उरला नाही. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण अण्णांनी सांगितलं की त्याच तारांतून मला खरोखर रडणं ऐकू यायचं. जादूगार होता हा माणूस, दुसरं काय!

आणि ही जादू घरचीच होती. अण्णांचे वडील नावाजलेले हरिदास. आपली कीर्तनाची गादी मुलाने चालवावी ही त्यांची फार इच्छा. मुलाने व्हायोलिन धरलं, तेव्हापासून एका घरात राहूनही त्या वाजवण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. तालमीच्या दिवशी ते देवळात जाऊन बसत. अण्णा मात्र दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवत. "एकदाच ऐकावं हो बाबांनी," मला म्हणत, "मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत."

एका वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलात अण्णा गोष्ट सांगायला उभे राहिले आणि पाहतात तो खुर्चीवर वडील! अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. "ही थोरली..." एवढंच म्हणाले आणि घाम पुसत खाली बसले. इतकी वर्षं वाट पाहून नेमकी आजच वाचा बसावी! माझा जीव तुटला. शेवटी गोष्टीविनाच चौघांनी वाजवायला घेतलं.

संथ भाग संपला. दोन भागांच्या मध्ये टाळीसुद्धा वाजवायची नाही, हे अण्णांनी आम्हाला पढवून ठेवलेलं. सगळे हात आवरून बसलेले. तेवढ्यात म्हातारबुवा उठले आणि काठी टेकत थेट मंचावर चढले. कीर्तनात पूर्वरंग संपला की हरिदासाला बुक्का लावायची रीत. त्यांनी कनवटीची डबी काढून मुलाच्या कपाळाला बुक्का लावला. मग बाकीच्यांना. गार्डसाहेबांनी तर आपण होऊन मान वाकवली. अण्णा पाया पडायला वाकले, तर वडिलांनी दंड धरून थांबवलं.

"गादीवरच्या माणसानं वाकायचं नसतं," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "पोर परत येते ना रे घरी?"

गोष्ट तर कुणी सांगितलीच नव्हती! अण्णांनी कशीबशी मान हलवली. "ऐका ना, बाबा."

"बरं. चालू दे मग उत्तररंग."

तो उत्तररंग कसा वाजला ते जाणकारांना विचारा, मी रडत होतो. आता अण्णा नाहीत, त्या चौघांपैकी कुणीच नाही. कुठे तसलं संगीत लागलं की मी अजून थांबून ऐकतो. थोरली कुठली आणि बाप कुठला हे आता माझं मलाच ओळखता येतं, पण हे ज्यांना सांगावं ते अण्णाच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.